जाकिटावरचं लुगडं

बाबा, डॉक्टरांचं जाकीट आज सकाळी परत केलं. तू हातात घेतलेलं ते शेवटचं काम. ते काय बोलले, मी काय बोलले, सगळं तुला सांगायचं आहे. पण सांगायला बसले की आधीचं आडवं येतं, आणि ते बाजूला सारून पुढे जाता येत नाही. तुला नव्याने कळण्यासारखं त्यात काही नाही. तुला ते त्याच दिवशी कळलं होतं. वेळ मलाच लागला.

तुझं तेरावं होऊन आठवडा झाला. आचऱ्याच्या घरात पाहुणे होते तोवर मी चहाच्या भांड्यांत आणि पत्रावळींत बुडून गेले होते, आणि खरं सांगायचं तर ते बरंच होतं. येणारा प्रत्येक जण पडवीत टेकायचा आणि तुझं बोलायचा. सरळ माणूस. कोणाच्या अध्यात ना मध्यात. हातात काय कला होती. मी मान हलवत होते. त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, की गणेशचतुर्थीच्या तोंडावर ह्याच सरळ माणसाच्या माथी त्याच्या पोटच्या मुलीने स्वतःची चूक मारली होती, तीही चारचौघांत.

मी कुडाळला ड्रायक्लीनिंगचं दुकान टाकलं तेव्हाची गोष्ट आठवते? पहिलं चामड्याचं जाकीट आलं आणि माझी पाचावर धारण बसली. साड्या, शालू, कोट यांचं मला कळत होतं. हे जड, काळं, वासाचं प्रकरण कुठे बुडवायचं? मी ते पेट्रोलात घालायच्या तयारीत होते. तू त्या दिवशी बाजाराला आला होतास. माझ्या हातातून ते काढून घेतलंस आणि म्हणालास, "ह्या कापड नाय गो. ही कातडी. तुझ्या अंगाची तशी हेची." मग ते आचऱ्याला घेऊन गेलास. आठवड्याने आणलंस तेव्हा मी दोनदा उलटसुलट करून बघितलं, तेच आहे ना म्हणून.

मुंबईच्या कारखान्यात तू वीस वर्षं जाकिटं शिवलीस आणि हे मला घरात राहून कधी नीट कळलंच नव्हतं. गावी परतल्यावर तू चपला शिवायचास, दशावतारी मंडळींचे कमरपट्टे दुरुस्त करायचास, लोकांना तेवढंच दिसायचं. मलाही. त्या पहिल्या जाकिटानंतर तू मला शिकवायला लागलास. मेंढीचं चामडं कसं गालासारखं मऊ लागतं, म्हशीचं कसं हट्टी. आधी कॉलरच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब सोडायचा. "थेंब ऱ्हवलो तर पोट भरलेला. जिरलो तर तहानलला." तहानलेल्याला मेण आणि एरंडेलाचा हात द्यायचा, तोही बोटाच्या टोकाने, बाळाला घुटी देतात तितकाच. तेल जास्त झालं की भोकं बुजतात, चामडं चिकट होतं. खारं पाणी लागलं असेल तर आधी गोड्या पाण्याचा पिळलेला फडका. वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर. उन्हात नाही, चुलीजवळ तर मुळीच नाही.

आणि खोबरेल नाही. आपल्या मुलखात हे कोणाला पटायचं? डोकं दुखलं, खोबरेल. कडी करकरली, खोबरेल. लोक जाकिटालाही चोपडून आणायचे आणि वर कौतुकाने सांगायचे, घरच्या घाण्याचं आहे म्हणून. बुरशीच्या धास्तीने तू कपाळाला हात लावायचास. "खोबरेल लावलंस काय बुरो जेवूक बसता." शेजारच्या वैनीने मुलाचं भिजलेलं जाकीट चुलीवरच्या माळ्यावर टाकलं होतं, सुकत घातलेल्या सोड्यांच्या सुपाशेजारी. चार दिवसांनी ती ते तुझ्याकडे घेऊन आली तेव्हा त्याचा पापड झाला होता आणि वास तर विचारूच नये. तू दोन बोटांनी उचललंस, हुंगलंस आणि शांतपणे तिला म्हणालास, "आता हेची आमटी कर." ती आठ दिवस बोलत नव्हती तुझ्याशी.

जाकीट तयार झालं की तू ते आईच्या लुगड्यात गुंडाळायचास. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं, जाकिटाच्या मापाने कापलेलं, वर हँगरसाठी भोक. आई जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मी तुझ्याशी भांडले होते, की बाबा, आईची लुगडी कापू नको, तिची तेवढीच आठवण आहे. तू कात्री न थांबवता म्हणालास, "ती असती तर तिनाच काढून दिल्यान असता. कपाटात ठेवन कोणाक?" तो वाद तिथेच राहिला. मला वाटायचं, तुला आईचं काही नाही. आणि तीच मी त्या लुगड्याचं पुढे काय करत होते, ते आता सांगते.

तू बाजाराच्या दिवशी एसटीने यायचास. जाकिटाची घडी घालायची नाही म्हणून हँगरला लावून, लुगड्यात झाकून, हातात उभं धरून. कंडक्टर विचारायचा, "कोणाक घेवन चाललास?" तू म्हणायचास, "पावण्याक." हे तूच मला हसत सांगितलंस. मी तुला दुकानात मागच्या दाराने यायला सांगितलं होतं. पुढे गर्दी असते, हे कारण दिलं होतं. गर्दी खरंच असायची, त्यामुळे ते खोटं बोलल्यासारखं वाटायचं नाही. तू चहा घेऊन गेलास की मी लुगडं काढायचे, घडी करून बाजूला ठेवायचे आणि जाकिटावर दुकानाचं नाव छापलेली प्लास्टिकची लांब पिशवी चढवायचे. खालून घट्ट गाठ. झालं आमचं ड्रायक्लीनिंग.

गिऱ्हाईक विचारायचं, इतकं सुरेख कोण करतं? मी म्हणायचे, मुंबईला जातं, मशीनवर. पहिल्यांदा ते तोंडातून निसटलं. मग तेच चिकटलं. चामडं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत एक प्रश्न येतो, आडनावाच्या पलीकडचा. तो मी शाळेपासून ओळखते. कुडाळात माझी ओळख ड्रायक्लीनिंगवाली म्हणून झाली होती, आणि शालू, पैठण्या, सोवळी घेऊन बायका माझ्याकडे यायच्या. चांभाराच्या मुलीकडे त्या सोवळी घेऊन येतील का, हे मला बघायचं नव्हतं. मी स्वतःला सांगायचे, मला बाबाची लाज नाही, फक्त कामाची आहे. जाकिटातून अस्तर वेगळं काढता येतं. माणसातून त्याचं काम तसं निघत नाही. हे मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही मी. कळत होतं, आणि मी कानाडोळा करत होते.

लुगड्याचे तुकडे मी पुढच्या खेपेला तुझ्याच पिशवीत घालून परत द्यायचे. चार-पाच वेळा तू बोलला नाहीस. मग एकदा म्हणालास, "फडको परत इलो?" मी म्हटलं, गिऱ्हाइकांना नको असतो. तू म्हणालास, "तेंका सांग गो, ह्याच फडक्यात ठेवा म्हणान. प्लास्टिकात कातडीचो श्वास कोंडता. आपल्या पावसात तर बघूकच नको." मी म्हटलं, होय बाबा. आणि पिशवी चढवत राहिले. पुढे आपलं यावरून भांडणही झालं. प्लास्टिकमध्ये माल कसा दुकानाचा वाटतो, जुनेरं गुंडाळून दिलं तर लोक हसतील, असं मी म्हणाले. जुनेरं हा शब्द मी वापरला. आईच्या लुगड्यासाठी तुझ्याशी भांडणारी ती मीच होते.

अकरा वर्षं हे चाललं. बाजूचा शिलाईवाला मला छेडायचा, "वहिनी, ते मुंबईचं मशीन एकदा दाखवा तरी. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर." मी हसायचे. गेल्या आठवड्यात तुझ्या तेराव्याला भटजींसमोर तुझी बहीण माझ्या मागे उभी होती, नवरा दर्भ हातात घेऊन बसला होता आणि मला एकाएकी तेच वाक्य आठवलं. मी बाप दाखवला नव्हता. श्राद्ध मात्र करत होते.

आता डॉक्टरांचं. त्यांच्या मुलीने पहिल्या पगारातून त्यांना ते जाकीट घेतलं होतं. मेंढीचं, गडद तपकिरी. पाऊस लागायच्या आधी तू ते करून दिलंस आणि मी माझ्या पिशवीत घालून, गाठ मारून त्यांच्या हवाली केलं. त्यांनी ते तसंच कपाटात टांगलं. आषाढ गेला, श्रावण गेला. चतुर्थीच्या चार दिवस आधी ते दुकानात आले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी काउंटरवर पिशवी ठेवली आणि गाठ सोडली. कॉलर, काखा, बाह्या, सगळीकडे हिरवट पांढरा बुरा. वासाने बाजूच्या बाईने पदर नाकाला लावला. डॉक्टर चिडले नव्हते. ते नुसतेच म्हणाले, "मुलगी चतुर्थीला येतेय. तिला काय सांगू?" चिडले असते तर बरं झालं असतं.

आणि त्याच वेळी तू पुढच्या दाराने आत आलास. मागच्या गल्लीत मंडप घालत होते, रस्ता बंद होता. तुझ्या हातात दुसरं जाकीट होतं, आईच्या निळ्या लुगड्यातलं. डॉक्टरांनी तुझ्याकडे बघितलं, लुगड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मुंबईला पाठवता म्हणालात ना? मग हे कोण?"

मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणाले, "हे कारागीर आहेत आमचे. चामड्याचं काम हेच करतात." इथवर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी तुझ्याकडे वळले आणि म्हणाले, "अहो, काय केलंत तुम्ही हे? तेल जास्त लावलंत."

अहो म्हणाले मी तुला. जन्मभर तू म्हणत आलेल्या बापाला. आणि तेल, बाबा. ज्याच्या हातून एक थेंब कधी जास्त गेला नाही त्याला.

तू आधी काउंटरवरच्या पिशवीकडे बघितलंस. माझ्या दुकानाचं नाव वरच होतं, मोठ्या लाल अक्षरांत. आतून तिला अजून दंव धरलेलं होतं. मग जाकीट उचललंस, कॉलरवरून अंगठा फिरवलास. तुला कळायला तेवढंच पुरेसं होतं. एक वाक्य बोलला असतास तर माझं दुकान तिथेच उघडं पडलं असतं. तू डॉक्टरांना म्हणालास, "चूक झाली, सायब. परत करून देतंय. चेडू इला तरी तेका सांगा, जाकीट बरा होताला." आणि मग माझ्याकडे न बघता, "होय मॅडम. तेल जास्त झाला."

दोन्ही जाकिटं आणि ती रिकामी पिशवी घेऊन तू पुढच्याच पायऱ्यांनी उतरलास. चहाला थांबला नाहीस. मी पुढच्या बाईची साडी घेतली आणि पावती फाडली. पावतीवरचं अक्षरही नेहमीसारखंच आलं. याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

चतुर्थीला मी आचऱ्याला आले तेव्हा ठरवून आले होते, की आज बोलायचं. तू नेहमीसारखाच. गणपतीवरची माटोळी बांधत होतास, जावयाची थट्टा करत होतास. जाकीट आत टांगलेलं दिसलं, मी विषय काढायच्या आत तूच म्हणालास, "बुरो अस्तरापर्यंत गेलो. येळ लागतलो." मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी दुकानात..." तू म्हणालास, "आधी नारळ सोल गो. ऱ्हवलेला मागसून." मी नारळ सोलला. तू मला वाट काढून दिलीस आणि मी त्या वाटेने लगेच पळाले. मागाहून काही आलं नाही.

निघताना तू म्हणालास, "तुझ्या दुकानातल्यो पिशव्यो धाडून दी वीस-पंचवीस." मी विचारलं, कशाला? "होयेत माका," एवढंच म्हणालास. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मला वाटलं, शेवटी प्लास्टिकच्या वादात तू माझंच ऐकलंस. पुढच्या बाजाराला नवऱ्याच्या हाती एक अख्खा गठ्ठा पाठवला, आणि मनात म्हटलं, चला, एवढं भांडण तरी मिटलं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी तू पडवीत ब्रश हातात घेऊन बसला होतास. वैनी ताक द्यायला आली तेव्हा तुझी मान कलली होती. त्यापुढचं मला सांगायचं नाही.

सगळे पाहुणे गेल्यावर मी तुझी खोली आवरायला घेतली. डॉक्टरांचं जाकीट वाशाला टांगलेलं होतं, तू फणसाच्या लाकडाचे रुंद हँगर करायचास तसल्याच एकावर, खांदे पडू नयेत म्हणून. वर आईचं लुगडं. हिरवं, बारीक चौकड्यांचं, तिचं सणाचं. हे तू इतकी वर्षं कापलं नव्हतंस. पेटीत बघितलं, दुसरं अख्खं एकही शिल्लक नव्हतं. मी लुगडं बाजूला केलं. जाकिटावर बुऱ्याचा ठिपका नव्हता. अस्तर तू उसवून, धुऊन, पुन्हा घातलं होतंस आणि टाका कुठे सुरू होतो ते मला सापडलं नाही. मी तांब्यातलं पाणी बोटावर घेतलं आणि कॉलरच्या आत एक थेंब सोडला. थेंब राहिला. गोल, हलत नव्हता. मी किती वेळ त्याच्याकडे बघत होते कोण जाणे.

खाली तुझ्या हत्यारांच्या पेटीवर माझ्या पिशव्यांचा गठ्ठा होता. उचलला तर हाताला खरखरीत लागला. एक पिशवी उजेडात धरली. तू आरीने तिला भोकं पाडली होतीस. वरपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंना, चपलेच्या पट्ट्याला पाडायचास तशी सारख्या अंतरावर. दुसरी बघितली, तिलाही. सगळ्या पंचवीसच्या पंचवीस. सगळ्यात खाली डॉक्टरांची ती जुनी पिशवी, धुऊन, पुसून, तिलाही तशीच भोकं. दुकानाचं नाव तेवढं तू प्रत्येक पिशवीवर सोडलं होतंस. एका अक्षराला आरी लागू दिली नव्हतीस.

म्हणजे मी पुढेही खोटं बोलत राहणार, हे तू धरून चालला होतास. ते सोडायला तू मला सांगितलं नाहीस. फक्त त्या खोट्यात चामडं मरू नये, आणि पुन्हा कोणी माझ्या काउंटरवर बुरा आणून ठेवू नये, एवढी सोय करून ठेवलीस. मी तिथेच जमिनीवर बसले. तू मला शिव्या दिल्या असत्यास, बाबा, तर त्या घेऊन मी कशीबशी उठले असते.

आज सकाळी दुकान उघडलं. दिवाळीची गर्दी सुरू झाली आहे. डॉक्टर दहाच्या सुमाराला आले. मी जाकीट त्यांच्यापुढे ठेवलं, लुगड्यासकट. त्यांनी लुगडं बाजूला करून बघितलं, बाही हातात घेतली, नाकाजवळ नेली. म्हणाले, "नवीन दिलंत की काय?" मग म्हणाले, "त्या कारागिरांना सांगा माझ्याकडून. त्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोललोसुद्धा नाही."

मी म्हटलं, "ते गेले. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी." ते "अरेरे" म्हणाले. गिऱ्हाइकं साड्या घेऊन उभी होती. खोटं बोलताना जेवढा आवाज होता तेवढाच आज लावायचा, हे मी रात्रीच ठरवलं होतं. मी म्हटलं, "ते माझे वडील होते. तेल जास्त झालं नव्हतं, डॉक्टर. तेल त्यांच्या हातून कधीच जास्त झालं नाही. ते कापडात ठेवा म्हणाले होते. मी प्लास्टिकमध्ये घालून गाठ मारली. मुंबईला मी काहीच पाठवत नाही. अकरा वर्षं सगळं त्यांनीच केलं, आचऱ्याच्या पडवीत बसून."

डॉक्टरांनी लुगड्याची घडी घालायला घेतली, मला परत द्यायला. मी म्हटलं, "असू दे. ते त्यातच ठेवायचं असतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढा, सावलीत, वाऱ्यावर. माझ्या आईचं आहे ते." त्यांनी ते पुन्हा जाकिटावर घातलं, दोन्ही हातांनी नीट केलं आणि तुझ्यासारखंच उभं धरून घेऊन गेले.

ते गेल्यावर काउंटरवर एक बाई उरल्या. दर चतुर्थीला सोवळं आणतात त्याच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही त्यांच्यातल्या का?"

मी म्हटलं, "होय."

त्यांनी पावती घेतली, पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. पुढच्या वेळी येतील, न येतील. बाजूच्या शिलाईवाल्याचं मशीन चालू होतं, रस्त्यावर एसटी वळत होती, सगळं होतं तसंच होतं. अकरा वर्षं ज्याला घाबरले ते एवढंच होतं, बाबा. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द बोलायला मी तू जाईपर्यंत थांबले.